केशरोपणानंतर डोक्याची काळजी: काशीतले सल्ले आणि वस्तुस्थिती

काशीत डोक्याला उसंत नसते. कपाळाला गंध, घाटावर डुबकी, पितरांसाठी क्षौर, सकाळी मोहरीच्या तेलाची चंपी, असं काही ना काही चालूच असतं. केशरोपण, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट, करून घरी आलेल्या माणसाला मग चारी बाजूंनी सल्ले मिळतात. ब्रह्माघाट-दुर्गाघाटच्या मराठी घरात आजी हळद लावायला सांगते, मित्र पाणीही लावू नको म्हणतो आणि गंगाजल शिंपडलं की सगळं बरं होतं असं शेजाऱ्याचं मत असतं. यातलं काय धरावं आणि काय सोडावं, हे कळायला आधी त्वचेखाली काय चाललेलं असतं ते पाहू.

कातडी एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची विद्या काशीला नवी नाही. प्राचीन शल्यवैद्य सुश्रुत परंपरेनुसार काशीचाच, काशिराज दिवोदास धन्वंतरीचा शिष्य. कातडी वळवून नाक घडवण्याची रीत त्याच्या संहितेत आहे. त्याच कुळातली एक शस्त्रक्रिया १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानावर झाली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये तिची हकिकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. त्या शस्त्रक्रियेत कपाळाची कातडी नाकावर वळवताना तिचा एक देठ मूळ जागी जोडलेला ठेवला होता. नवी जागा धरेपर्यंत रक्त त्या देठातूनच पोचत राहिलं.

केशरोपणात असा देठ नसतो. डोक्याच्या मागच्या भागातून एक ते चार केसांचे पुंजके, म्हणजे ग्राफ्ट, मुळासकट काढून पुढच्या बारीक छिद्रांत बसवतात. पहिले काही दिवस हे ग्राफ्ट भोवतालच्या द्रवावर तग धरतात. मग सूक्ष्म रक्तवाहिन्या त्यांना येऊन मिळतात. म्हणून सुरुवातीचे नऊ-दहा दिवस ग्राफ्ट हलू द्यायचा नाही आणि त्यानंतर त्वचा हलकी चोळून स्वच्छ करायची. बहुतेक गैरसमज या दोन टप्प्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

गैरसमज: पंधरा दिवस डोक्याला पाणी लागू द्यायचं नाही.

वस्तुस्थिती: साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोकं धुवायचं असतं. नेमका दिवस आणि पहिल्या धुण्याची रीत क्लिनिक सांगतं. मगभर पाण्यात सौम्य शाम्पू फेसाळायचा, तो फेस तळव्याने अलगद ठेवायचा, चोळायचं नाही. मग मगातूनच पाण्याची बारीक धार सोडायची. शॉवरचा जोर नको आणि टॉवेलने खसाखसा पुसणंही नको. वाळलेलं रक्त आणि लस यांच्या खपल्या धुतल्याच नाहीत, तर त्या जाड होतात, खाज सुटते आणि खाली जंतू वाढायला वाव मिळतो.

ग्राफ्ट किती दिवसांत घट्ट धरतात, याचा अभ्यास बर्नस्टीन आणि रासमन या अमेरिकी डॉक्टरांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या दोन दिवसांत केस ओढला की ग्राफ्ट निघून येई. खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत हेच होई. नवव्या दिवसापर्यंत मात्र हा धोका उरला नव्हता. म्हणून आठ-दहा दिवसांनी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, बोटांच्या पेरांनी हलकं गोल चोळून खपल्या सोडवायच्या. नखं लावायची नाहीत. दोन आठवड्यांत टाळू साफ दिसायला हवी.

गैरसमज: गंगाजल शुद्धच असतं, जखमेवर चालतं.

वस्तुस्थिती: या समजुतीला एक खरा धागा आहे. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, असं नोंदवलं. पुढे जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज, सापडले आणि त्या निरीक्षणाचा अर्थ लागला. पण एक फेज ठरावीक जातीच्याच जंतूंना मारतो, त्याने सगळं पाणी निर्जंतुक होत नाही.

अंघोळीच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंचं प्रमाण १०० मिलिलिटरमागे २,५०० पेक्षा जास्त नसावं, असा आपल्याकडचा निकष आहे. तुलसी घाटावरचं संकटमोचन फाउंडेशन वर्षानुवर्षं नदीचं पाणी तपासत आलं आहे आणि काही घाटांवरचे त्यांचे आकडे या मर्यादेच्या कित्येक पट गेलेले आहेत. शिवाय हा निकष धडधाकट त्वचेसाठी आहे, शेकडो ताजी छिद्रं असलेल्या टाळूसाठी नाही. डुबकी किमान महिनाभर पुढे ढकलावी. गंगाजल हातापायांवर घ्यावं, डोक्यावर शिंपडू नये.

गैरसमज: गंध, भस्म, हळद, खोबरेल यांनी अपाय होत नाही.

वस्तुस्थिती: घाटावरचा पंडा एकाच वाटीतून दिवसभर लोकांच्या कपाळाला त्रिपुंड्र ओढतो आणि नेमकी तिथेच, पुढच्या केसरेषेवर, ग्राफ्टची पहिली रांग असते. बायकांच्या भांगात कुंकू भरण्याचंही तेच. जखमा भरेपर्यंत यातलं काहीच लावू नये. हळदीची पूड निर्जंतुक नसते आणि ती खपलीत अडकून बसते. तेलाने खपल्या मऊ होतात हे खरं, पण ते कधी लावायचं हे डॉक्टरांना विचारावं. तेलाने नव्या मुळांना ‘खत’ मिळत नाही, कारण मूळ त्वचेखाली चार-पाच मिलिमीटर खोल असतं आणि त्याला पोषण रक्तातून मिळतं. चंपी महिनाभर बंदच. आखाड्यातली मातीही तितकेच दिवस टाळावी.

गैरसमज: लावलेले केस गळू लागले, म्हणजे पैसे बुडाले.

वस्तुस्थिती: दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. धक्क्याने मूळ विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि वरचा केस सुटतो, मूळ जागेवरच राहतं. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली की माणूस घाबरतो, पण ती गाठ म्हणजे ग्राफ्ट नव्हे. पहिल्या दिवसांत ग्राफ्ट खरोखर निसटला, तर तिथून सहसा रक्त येतं. आजूबाजूचे जुने केसही काही काळ विरळ होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस डोकावतात आणि खरा निकाल वर्षभराने कळतो. मधल्या काळात क्वचित पुळ्या येतात. त्या फोडू नयेत, वाढल्या तर दाखवाव्यात.

गैरसमज: सूज येणारच, घाबरायचं कारण नाही.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाला आणि डोळ्यांभोवती सूज उतरते, ती चार-पाच दिवसांत ओसरते. डोकं उंच ठेवून झोपावं. बर्फ कपाळाला लावता येतो, ग्राफ्टवर नाही. पण घसा किंवा ओठ सुजणं, श्वास लागणं, अंगावर पित्त उठणं हे वेगळं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांचे एक व्यावसायिक केशरोपणानंतर दोनेक दिवसांत दगावले. चेहरा-घसा सुजून त्यांना श्वास घेता येत नव्हता आणि तीव्र ॲलर्जीचा संशय व्यक्त झाला होता. अशा वेळी क्लिनिकच्या फोनची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावं. ताप, पू, वाढत जाणारी वेदना किंवा काळी पडत चाललेली त्वचा दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गैरसमज: सिगारेट बंद केली, पानाने काय होतंय?

वस्तुस्थिती: पानातला जर्दा आणि तळहातावर मळलेली खैनी यांतही निकोटिन असतंच. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि नव्या मुळांना या दिवसांत सर्वांत जास्त गरज रक्ताचीच असते. बनारसी पान खायचंच असेल, तर बिनतंबाखूचं.

गैरसमज: ऊन लागलं तर जखमा लवकर वाळतात.

वस्तुस्थिती: मे-जूनमध्ये वाराणसीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात टाळू काही आठवडे, कधी काही महिने बधिर असते, कारण बारीक नसा कापलेल्या असतात. चटका बसला तरी कळत नाही. म्हणून कडक ऊन, गरम पाणी आणि हेअर ड्रायर तिन्ही टाळावेत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सैल टोपी घालावी. घट्ट हेल्मेटची घाई नको, तोवर दुचाकीच चालवू नये.

गैरसमज: एकदा केस लावले, की जन्मात मुंडण करता येत नाही.

वस्तुस्थिती: पूर्ण भरलेल्या टाळूचं मुंडण करता येतं. वस्तरा पृष्ठभागावर फिरतो, मुळापर्यंत जात नाही. कात्री किंवा मशीन साधारण महिन्यानंतर चालतं. वस्तऱ्यासाठी काही महिने थांबून डॉक्टरांचा होकार घ्यावा. मात्र मुंडण केल्यावर मागच्या खुणा दिसतील. पट्टी काढून केलेल्या शस्त्रक्रियेची एक रेघ राहते, तर एकेक पुंजका काढला असेल तर पांढरट ठिपके. त्रिस्थळी यात्रा किंवा घरातलं श्राद्धकर्म ठरलेलं असेल, तर ते आधी उरकून मग केशरोपणाची तारीख घ्यावी. मध्येच प्रसंग ओढवला, तर गुरुजींना स्पष्ट सांगून पर्याय विचारावा.

गैरसमज: आता टक्कल कायमचं गेलं.

वस्तुस्थिती: लावलेला केस आपल्या मूळ जागेचा स्वभाव घेऊन येतो, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं. मागचे केस टिकाऊ, म्हणून ते पुढेही टिकतात. पण मधले जुने केस आपल्या गतीने गळतच राहतात. ते टिकवण्यासाठी डॉक्टर मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड सुचवतात. त्यांचे दुष्परिणाम विचारून घ्यावेत. गर्भवती किंवा गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने फिनास्टेराइड घेऊ नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया करण्याइतकं शिक्षण होत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा शस्त्रक्रियेआधीच तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक, डोकं धुण्याचं दिवसवार वेळापत्रक, आणि रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन नंबर. हे द्यायला जे क्लिनिक का-कू करतं, तिथे डोकं देऊ नये.