रॉडवरचा लेप

घरच्या वर्कशॉपसाठी स्टिक (लेपाच्या रॉडचं) वेल्डिंग मशीन घ्यावं की मिग (तार आणि गॅसचं), हा वाद बहुतेकदा मशीनच्या किमतीवर येऊन थांबतो. माझं कुतूहल मात्र कित्येक वर्षं रॉडवरच्या त्या करड्या लेपात अडकलंय.

बेनार्डोस, स्लाव्यानोव्ह ही आर्क वेल्डिंगच्या आरंभीची नावं. ती ओलांडून थेट गोथेनबर्गला जाऊ. ऑस्कर शेलबर्ग हा आगबोटींवर काम केलेला स्वीडिश इंजिनिअर. बॉयलरच्या रिबिटांच्या जोडांतून होणारी गळती आणि तिच्या सुमार दुरुस्त्या त्यानं जवळून पाहिल्या होत्या. उघड्या तारेनं वेल्डिंग केलं की वितळलेल्या लोखंडात हवा शिरते, जोड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. शेलबर्गनं तारेचे तुकडे कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट मिश्रणात बुडवून वाळवले. १९०४ मध्ये त्यानं ‘एसाब’ ही कंपनी काढली.

कार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि हवेला दूर ठेवतो. दुसरीकडे, अमेरिकेत १९४८ च्या सुमारास मिग आलं ते अ‍ॅल्युमिनियमसाठी, महागड्या निष्क्रिय वायूंसह. १९५३ मध्ये ल्युबावस्की आणि नोवोशिलोव्ह या संशोधकांनी पोलादासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरला. आपल्याकडचे कारागीर आजही मिगला ‘सीओटू’च म्हणतात. म्हणजे शेलबर्गच्या लेपातून निघणारा वायूच सिलिंडरमध्ये जाऊन बसला! मला हे सापडलं तेव्हा दोन्ही पद्धतींतलं भांडणच अर्धं मिटलं.

उरलेलं अर्धं वाऱ्याचं. अंगणात गेट किंवा अँगलचं स्टँड करायचं असेल, तर स्टिकच. ६०१३ प्रकारचा २.५ मिमी रॉड, ७०-८० अँपिअर. थोडा गंजही खपून जातो. मिगचा गॅस झुळुकीनं उडतो आणि जोडात भोकं पडतात. उलट १८ गेजच्या चौकोनी पाइपला नवख्या हातातला रॉड हमखास भोक पाडतो. तिथं ०.८ मिमी तारेचं मिग हवं. तारेचं टोक वितळलेल्या धातूत सेकंदाला २० ते २०० वेळा टेकतं, शॉर्ट होतं, तुटतं. म्हणून उष्णता आटोक्यात राहते.

पण याच गुणात मिगचा दगा आहे. जाड लोखंडावर रेघ देखणी उमटते, खाली मात्र धातू एकजीव झालेलाच नसतो. ‘मिग सोपं’ म्हणणाऱ्यांवर माझा म्हणूनच राग आहे. वजन पेलणाऱ्या कामात सुंदर रेघेवर विसंबू नये. आधी भंगारातला तसाच तुकडा जोडावा, शेगड्यात धरून वाकवावा आणि मोडून आत पाहावं.

वाऱ्यातही तारेनंच काम करायचं असेल, तर गॅसविना चालणारी पोकळ तार मिळते. तिच्या पोटात फ्लक्स भरलेला असतो: शेलबर्गचा लेप, फक्त आतून. धूर आणि शिंतोडे जास्त. आणि स्लॅग (जोडावर थिजलेला थर) काढायला हातोडी लागतेच.