बाळगुटी आणि हिमालयातील बर्फ

झांशीच्या तटाचा ओरछा दरवाजा मराठी माणसास ठाऊक असतो तो १८५८ च्या रणसंग्रामामुळे. परंतु नेवाळकरांच्या कारकिर्दीत त्या तटाच्या आत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्याबरोबर जे काही नेले, त्यात तान्ह्या मुलास गुटी उगाळून देण्याची रीतही असणारच. गुटीतला हिरडा, बेहडा सह्याद्रीच्या रानातही मिळतो. अतिविष मात्र सह्याद्रीत उगवत नाही आणि झांशीच्या माळावरही नाही. ते येते हिमालयातून, सुमारे अडीच ते चार हजार मीटर उंचीवरून. आणि तेथील हवामानच आता पालटू लागले आहे.

अतिविषाचे औषधी अंग म्हणजे त्याचा कंद. हिवाळ्यात बर्फाचा थर जमिनीवर गोधडीसारखा पसरून या कंदाचे कडाक्याच्या थंडीपासून रक्षण करतो आणि पुढे वितळून त्यास ओल पुरवितो. बीजालाही रुजण्यापूर्वी दीर्घ थंडी सोसावी लागते. बर्फ थोडे पडले वा लवकर वितळले, की ही सारी घडी विस्कटते.

अशा वेळी वनस्पती वर सरकतात. त्यांना पाय नाहीत हे खरे. पण वर पडलेले बी रुजते, खालचे झाड मरते, आणि काही पिढ्यांत स्थलांतर घडून येते. हजार मीटर चढले की उष्णता सुमारे सहा अंशांनी उतरते; म्हणजे एका अंशाची वाढ चुकविण्यास दीडशे मीटरांहून अधिक चढणे आले. आल्प्सच्या शिखरांवरील जुन्या नोंदी ताडून पाहता तेथील वनस्पती वर चढत असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र डोंगर वर निमुळता होत जातो, आणि शिखरापुढे चढण नसते.

गुटीतल्या काकडशिंगीची अडचण आणखी निराळी. ती शेंग नव्हे, शिंगही नव्हे. हिमालयातील एका झाडाच्या पानावर माव्याच्या जातीच्या किड्यांमुळे येणारी ती गाठ असते. तेथे पालवी आणि कीटक यांचा मुहूर्त एकच साधावा लागतो!

तथापि सारा दोष उन्हाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. कंद खणला की झाड संपले; बी धरण्यापूर्वी खणला तर वंशही संपला. अतिविष आज आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त गणले जाते, ते मुख्यतः या खणतीमुळे. विरळ झालेल्या वनस्पतीस वर चढण्यापुरते बीजही उरत नाही.

अतिविष न मिळाल्यास मुस्ता, म्हणजे नागरमोथा, वापरावा अशी तोड जुन्या वैद्यांनी सांगून ठेवली आहे. तो मैदानात तणासारखा माजतो. परंतु पुष्कळ घरांच्या गुटीत तो पूर्वीपासून आहेच.