बालगंधर्वांची आठवण कशी काढायची?

मंडळी, हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. त्यामुळे या गावात राघोबादादांचं नाव काढलं तर कुणी दचकत नाही. अटकेपर्यंत गेलेले दादा आणि 1773 मध्ये पुतण्याच्या, नारायणरावाच्या खुनाचा ठपका आलेले दादा, दोन्ही आपण एका दमात सांगतो. गाणाऱ्या-खेळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपलं असं होत नाही. एकतर देव्हाऱ्यात बसवतो, नाहीतर चवीनं कुजबुजतो.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचंच बघू. 1913 मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे भागीदार गेले आणि त्यांचा हात धरणारं कुणी उरलं नाही. भरजरी शालू, गालिचे, उंची अत्तरं. तबल्याला चक्क अहमदजान थिरकवा! आता यातली उधळपट्टी कुठली आणि कला कुठली? थिरकवांसारखा तबलजी नाटक कंपनीत ठेवणं कुठल्याही हिशेबनिसाला पटलं नसतं. पण ती साथ नसती तर ते गाणं तसं झालं असतं का? आम्हाला नाही वाटत. दोष खुडून टाकला आणि गुण तेवढा ठेवला, असं इथे करता येत नाही.

म्हणून काय, कर्जाचंही कौतुक करायचं? 'राजा माणूस' म्हणून आपण मोकळे होतो. पण कंपनी बुडते तेव्हा पडदे ओढणाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या पोटावर येतं. ते कुठल्या आठवणीत येतात?

1911 ची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी लहान मुलगी गेली, तरी नारायणराव उभे राहिले. रंगभूमीवरची निष्ठा म्हणून आपण हे सांगतो, आणि ती होतीच. पण त्या संध्याकाळी घरी लक्ष्मीबाई होत्या. आई होती ती.

पुढचं ऐकताना जरा सालं मोजायची सवय ठेवा. गोहरबाई कर्नाटकी आल्या आणि बालगंधर्वांचा ऱ्हास झाला, असं अजूनही सर्रास बोललं जातं. कंपनी कर्जात गेली ती 1920 च्या दशकातच. 'प्रभात'चा 'धर्मात्मा' आला 1935 मध्ये, तोवर कंपनीचे वैभवाचे दिवस सरले होते. गोहरबाई आल्या त्यानंतर. लक्ष्मीबाईंवर अन्याय झाला, हे खरंच. पण तो नवऱ्याच्या नावावर मांडायचा सोडून आपण परक्या, त्यातून मुसलमान बाईच्या नावावर मांडला. 1951 मध्ये त्यांनी लग्न केलं तेव्हा कित्येक चाहत्यांनी पाठ फिरवली. नारायणरावांचे पाय लुळे पडले, त्या वर्षांत उशापायथ्याशी होत्या त्या याच गोहरबाई.

पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 मध्ये खुद्द नारायणरावांच्या हस्ते बसली. 1968 मध्ये ते उघडलं तेव्हा ते हयात नव्हते.