वजन उचलण्यापूर्वी

मे महिन्यातील सकाळ. छत्तीसगडमधील भिलाई शहराच्या सुपेला भागात सहा-साडेसहालाच ऊन अंगाला जाणवू लागते. बाजारातील दुकाने अजून उघडायची असतात. पण व्यायामशाळेत मात्र लोखंडी चकत्यांचा खणखणाट सुरू झालेला असतो. एक तरुण घाईघाईने आत येतो, पिशवी कोपऱ्यात ठेवतो आणि सरळ दांड्याला वजने चढवू लागतो. त्याला कोणी हटकले, तर तो म्हणतो, “एवढा उकाडा आहे! अंग तापलेलेच आहे की. ते निराळे कशाला तापवायचे?”

प्रश्न उर्मट वाटला तरी विचार करण्याजोगा आहे. येथे येणाऱ्या तरुणांपैकी कोणी रात्रपाळी करून आलेला असतो, कोणाला थोड्याच वेळात भाजीबाजारात पोती उचलायची असतात. अशा तरुणाची कंबर धरली, तर केवळ व्यायाम बुडत नाही, त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणून त्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

बाहेरच्या उन्हाने प्रामुख्याने त्वचा तापते. ती थंड ठेवण्यासाठी शरीर अधिक रक्त त्वचेकडे वळवते आणि घाम येतो. घाम आला म्हणजे स्नायू कामाला सज्ज झाले, असे नव्हे. विश्रांतीच्या वेळी हातापायांच्या स्नायूंचे तापमान शरीराच्या आतील तापमानापेक्षा थोडे कमीच असते. स्नायू हलू लागले, की त्यांच्यातच उष्णता निर्माण होते, त्यांच्याकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो, ते अधिक वेगाने आकुंचन पावू लागतात. सांध्यांतील वंगणासारखा द्रव हालचालीमुळे पातळ होऊन सर्वत्र पसरतो. मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेशही अधिक जलद पोहोचतात. यांपैकी बहुतेक गोष्टी नुसत्या उन्हात उभे राहून साधत नाहीत. उन्हाळ्याचा फायदा एवढाच, की डिसेंबरच्या पहाटे जेथे दहा-बारा मिनिटे लागतात, तेथे मे महिन्यात पाच-सहा पुरतात.

भिलाईच्या रहिवाशाला हे समजावणे तसे सोपे आहे. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि या कारखान्याचे रूळ देशभर पोहोचले. रूळ घडवताना पोलादाचा ठोकळा आधी भट्टीत लालभडक होईपर्यंत तापवतात, मगच तो यंत्राच्या रुळांमधून दाबून काढतात. थंड ठोकळा कोणी त्या यंत्रात घालणार नाही. अर्थात ही उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. पोलादाला हजाराहून अधिक अंश लागतात. आपल्या स्नायूंना दोन-तीन अंशांची वाढ पुरेशी होते.

आता एका गैरसमजाकडे वळू. अंग तापवणे आणि अंग ताणणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. शाळेतील कवायतीत आपल्यापैकी अनेकांनी आरंभीच पायाचे अंगठे धरून दहा-वीस आकडे मोजलेले असतात. मात्र एका स्थितीत स्थिर राहून स्नायू दीर्घकाळ, म्हणजे एक मिनिटाहून अधिक, ताणून धरला, तर त्यानंतर काही काळ त्याची ताकद किंचित उणावते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. जड वजन उचलण्याच्या तोंडावर ताकद कमी करून घेण्यात कोणता शहाणपणा? अल्पकाळ दिलेल्या ताणाने विशेष बिघडत नाही. पण त्यावरच विसंबून अंग मोकळे झाले असे मानणे चुकीचे.

मग करावे काय? प्रथम चार-पाच मिनिटे झपझप चालावे, जागच्या जागी हलके धावावे किंवा दोरीवरच्या उड्या माराव्यात. श्वास थोडा वाढावा, पण शेजाऱ्याशी बोलता यावे, इतपतच. त्यानंतर ज्या सांध्यांना काम पडणार आहे ते हलवावेत : खांदे गोल फिरवावेत, पाय पुढे-मागे झुलवावेत, वजन न घेता दहा-पंधरा बैठका काढाव्यात. येथे ताण असतोच, पण तो हालत्या अंगाने येतो आणि जातो.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. जो प्रकार करायचा, त्याचीच हलक्या वजनाने उजळणी करावी. समजा, साठ किलो घेऊन बैठका काढायच्या आहेत. आधी वीस किलोच्या रिकाम्या दांड्याने दहा, मग पस्तीस किलोने पाच, पन्नास किलोने दोन-तीन, आणि मग साठ. (लहान व्यायामशाळांतील दांडा वीस किलोंपेक्षा हलका असू शकतो, एकदा काट्यावर ठेवून पाहावा.) आज गुडघा कुरकुरतो आहे की काय, पाठ सरळ राहते आहे ना, हे पस्तीस किलोखालीच कळलेले बरे.

आपल्या तालमींना ही रीत नवी नाही. पैलवान आखाड्यात उतरला, की प्रथम फावड्याने लाल माती खणून मोकळी करतो. माती भुसभुशीत होते आणि त्याचे खांदे, कंबर, मांड्याही तापतात. एका कामात दोन कामे! त्यानंतर जोर-बैठका आणि मग कुस्ती.

स्पर्धेतील खेळाडू तर याबाबत फारच काटेकोर असतात. २०२२ साली ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे झालेल्या जागतिक कनिष्ठ भारोत्तोलन स्पर्धेत पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ४५ किलो गटात सुवर्णपदक मिळवले, तर भिलाईच्या शेजारच्या राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादव हिने ४९ किलो गटात रौप्य. अशा स्पर्धांत प्रेक्षकांना दिसतो तो मंच. त्यामागे आणखी एक जागा असते. तेथे खेळाडू रिकाम्या दांड्यापासून चढत्या क्रमाने वजने उचलत असतात आणि आपल्या खेळाडूची पाळी येण्यास किती जण उरले, हे प्रशिक्षक मोजत असतात. प्रतीक्षा लांबली, तर अंग निवू नये म्हणून मध्येच आणखी एक हलका उचल घेतात.

तरीही इजा कधीच होणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. सांगलीच्या संकेत सरगर याने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले. १३९ किलोच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. तशाही स्थितीत तो शेवटच्या प्रयत्नासाठी मंचावर आला, पण वजन पेलले नाही. मलेशियाचा खेळाडू २४९ किलोंवर सुवर्णपदक घेऊन गेला. संकेतला रौप्यपदक मिळाले. ताकदीच्या सीमेवर काम करणाऱ्या शरीराला पूर्ण तयारीनंतरही धोका असतो. पूर्वतयारीने तो कमी करता येतो, नाहीसा करता येत नाही.

व्यायाम संपल्यावर एकदम बसू नये. पायांत वाढलेले रक्त हृदयाकडे परतण्यास चालत्या स्नायूंची मदत होते. अचानक थांबल्यास काहींना घेरी येते. पाचेक मिनिटे सावकाश चालावे, थोडे थोडे पाणी प्यावे. स्थिर ताणाचे व्यायाम करायचे, ते आता. मांडीचा मागचा भाग, पोटऱ्या, छाती, खांदे यांना प्रत्येकी वीस-तीस सेकंद, हिसका न देता. नित्य सरावाने सांध्यांची लवचीकता वाढते. मात्र दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे यामुळे फारसे टळत नाही. ते दुखणे आंबट द्रव्य साचल्याने होते, हाही समज खरा नाही. ते द्रव्य तास-दीड तासात निघून जाते. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. त्याची ठणक एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचून आपोआप ओसरते.

ती ठणक दोन्ही मांड्यांत सारखी आणि बोथट असते. परंतु एकाच सांध्यात कळ येणे, सूज दिसणे किंवा कंबरेतून पायाकडे मुंग्या जाणे, ही लक्षणे वेगळी आहेत. तेथे ताण देऊन बरे करण्याचा प्रयोग करू नये. दांडा खाली ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे.