टरफलातला चीक आणि भिंगाचा सांधा

रत्नागिरीच्या काजू कारखान्यांत बी फोडायला बसणाऱ्या बायका आधी हाताला तेल किंवा राख चोळून घेतात. टरफलातला चीक कातडीला उततो, जसा आंब्याचा ओठाला आणि बिब्ब्याचा अंगाला. तिन्ही झाडे एकाच कुळातली.

गर डब्यात जातो, टरफल मागे राहते. त्याच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तेल असते, त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल. ते तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते: फिनॉलचे कडे आणि त्याला 15 कार्बनांची लांब शेपटी. गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात याची राळ वापरतात. यापासून केलेला हार्डनर थंड, ओलसर पत्र्यावरही इपॉक्सी घट्ट करतो, म्हणून जहाजांच्या रंगात त्याला मान आहे. पावसाळी कोकणातल्या झाडाने ओलीतही चिकटणारा पदार्थ द्यावा, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

मग त्याने भिंगे का नाही चिकटवायची?

हा प्रश्न वेडगळ नाही. दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांतली भिंगे कित्येक दशके कॅनडा बाल्समने, म्हणजे झाडाच्याच चिकाने, जोडली जात होती. त्याचा अपवर्तनांक काचेच्या 1.52 च्या अगदी जवळचा, त्यामुळे सांध्यातून जाताना प्रकाशाला वाट बदलल्याचे कळतही नाही. आता ती जागा इपॉक्सी आणि अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदांनी घेतली आहे.

कार्डानॉल इथे आधी रंगावर अडते. ऊर्ध्वपातन करून काढले तेव्हा ते फिकट पिवळे असते; हवा लागली की तांबूस होत जाते. शेपटीतले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकले तर पांढरा मेणासारखा पदार्थ मिळतो, पण साखळ्या एकमेकींत गुंफण्याची त्या बंधांची ताकदही जाते.

इपॉक्सीत मिसळण्याचे दुखणे आणखी चिवट. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक 1.49, पॉलिस्टायरीनचा 1.59. वेगवेगळे असताना दोन्ही पाण्यासारखे नितळ. एकत्र केले की दुधाळ, कारण ते थेंबाथेंबांनी वेगळे होतात आणि प्रकाश विखुरतो. तेलकट शेपटीचेही तसेच. सुरुवातीला इपॉक्सीत मुरल्यासारखी दिसते, गोंद घट्ट होऊ लागला की बाहेर पडू बघते. तयार होणारे कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान ठेवायला हवेत, तेही भिंगांमधल्या मायक्रोमीटरमध्ये मोजायच्या थरात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच शेपटीचा गुण म्हणून उपयोग झाला: ती जोडली की एरवी न विरघळणारे ताठर पॉलिमर विद्रावकात उतरतात. सांध्यात मात्र तीच शेपटी अजून सतावते, आणि कोकणात टरफलांचे ढीग बॉयलरखाली जळत राहतात.