पेपर कठीण, की पायरी उंच?

दहावीचा गणिताचा पेपर झाला की संध्याकाळी वस्तीत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "काय रे, पेपर कसा गेला? सोपा होता की कठीण?" मुलगा म्हणतो, "कठीण होता." घरचे गप्प होतात. पुढे निकालात गुण कमी पडले की "त्याचं गणितात डोकंच नाही" असे ठरून जाते. मग मुलाला कुठेतरी कामाला चिकटवायचा विचार सुरू होतो आणि मुलगी असेल तर स्थळे पाहायचा. पेपरच्या कठीणपणावरून मुलाच्या बुद्धीचा निवाडा करण्याची ही घाई आपल्या समाजाला फार महाग पडत आली आहे. म्हणून मुळात कठीण कशाला म्हणायचे, हेच आज पाहू.

भागाकाराचे एकच गणित घ्या. ज्याचे पाढे पक्के आहेत त्याला ते दोन मिनिटांचे काम. ज्याला हातच्याची वजाबाकीच जमत नाही, त्याला तोच डोंगर. गणित दोघांनाही सारखेच आहे. मूल कोणत्या पायरीवर उभे आहे आणि गणित कोणत्या पायरीवरचे आहे, त्या अंतराला आपण कठीण म्हणतो. अंतर एका पायरीचे असेल तर मूल धडपडून वर चढते. चार पायऱ्यांचे असेल तर ते खालीच बसून राहते, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

तथागतांच्या काळची चुल्लपंथकाची गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. त्याचा थोरला भाऊ महापंथक आधीच भिक्खू झालेला आणि विद्वान. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी ती एक गाथा पाठ होईना. नवी ओळ पाठ केली की आधीची विसरायची. शेवटी भाऊ म्हणाला, तुझ्याने हे होणार नाही, तू विहार सोडून जा. पहाटे निघालेला हा दु:खी माणूस वाटेत भगवंतांना भेटला. भगवंतांनी त्याला ना रागावले, ना तीच गाथा पुन्हा घोकायला लावली. त्याच्या हाती स्वच्छ कापडाचा एक तुकडा दिला आणि सांगितले, हा हाताने चोळत राहा आणि 'रजोहरण' म्हणजे मळ दूर होणे, एवढाच शब्द म्हणत राहा. चोळता चोळता कापड मळले. आत्ता तर हे स्वच्छ होते, ते असे कसे झाले, या विचारातून त्याला अनित्यता उमगली, आणि तो अर्हतपदाला पोचला. चार महिने ज्याला मंदबुद्धी ठरवले, त्याच्यासाठी बदलले ते फक्त काम. आमच्या मते जगातल्या उत्तम शिक्षकांच्या गोष्टींत ही गोष्ट पहिल्या रांगेत बसावी. आपण मात्र ती पौर्णिमेला ऐकतो आणि घरी येऊन मुलाला तीच गाथा पुन्हा घोकायला लावतो!

हे आजच्या काळात मोजूनही पाहिले गेले आहे, तेही आपल्या मुंबईत. प्रथम ही संस्था महापालिकेच्या शाळांतून काम करीत असे. तिसरी-चौथीची जी मुले मागे पडली होती, त्यांचे पंधरा-वीसचे गट करून रोज साधारण दोन तास त्यांना वेगळे शिकवले जाई. शिकवणारी कोण? त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुणी. तिला बालसखी म्हणत. ती चौथीचा धडा रेटत नसे. मुलाला जिथपर्यंत येते तिथून पुढे नेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कामाची तपासणी केली. मुलांचे गुण वाढलेले आढळले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. (याच दोघांना पुढे २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) मात्र मदत थांबल्यावर वर्षभराने या फायद्याचा बराचसा भाग ओसरला, हेही त्यांनीच नोंदवले आहे. म्हणजे एका उन्हाळी शिबिराने भागणारे हे काम नव्हे.

आता कोणी म्हणेल, मग सगळे सोपेच करून देऊ. तेही चुकीचे. धडा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणे सोपे असते, आणि मूल घडाघडा वाचते म्हणून आईबापही खूश असतात. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि नंतर तीन वेळा तो समोर नसताना आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवले, दुसऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा पारडे फिरले. वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के. आठवताना डोक्याला ताण पडतो, चुका होतात, मूल कुरकुरते. पण टिकते ते यातूनच. गाईडमधली उत्तरे वहीत उतरवून काढण्याला आम्ही अभ्यास म्हणतच नाही. ते नकलाकाराचे काम आहे. कारकुनीत आयुष्य गेल्याने त्यात डोके किती कमी चालते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

एवढ्यावर विषय संपला असता, तर तो सगळ्यांच्याच मुलांचा विषय झाला असता. आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक कठीणपणा येतो, आणि तो कुठल्याच पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाचा प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी दिला आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. इतर मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळू नयेत म्हणून वर्गात एकच गलका झाला आणि मुले डबे हलवायला धावली. गणित कोणाही मुलासाठी जे असते तेच होते. पण ज्याच्या पाठीमागे सारा वर्ग असा ओरडतो आहे, त्याच्यासाठी ते किती पट कठीण झाले असेल, याचे गुण कोणत्या परीक्षकाने द्यायचे? १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. संस्कृत शिकण्याची दारे बंद असल्याने त्यांना पर्शियन भाषा घ्यावी लागली होती. त्या २८२ गुणांवरून कोणी निवाडा केला असता, तर १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. कोणाला दिसली असती?

त्या फळ्यापाशी काय घडत असेल, हे जवळजवळ शंभर वर्षांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत पाहण्यात आले. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा हा अभ्यास जागतिक बँकेने २००४ साली प्रसिद्ध केला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भुलभुलैयातून वाट काढायची कोडी दिली. प्रत्येक गटात सहा मुले, तीन सवर्ण आणि तीन दलित. जिथे जात उच्चारली गेली नाही, तिथे दोघांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. जिथे आधी प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे आणि आजाचे नाव आणि जात सर्वांदेखत वाचून दाखवली, तिथे दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या स्पष्टपणे घटली. कोडी तीच आणि मुलेही त्याच गावांतली. वर्गात उभे करून "शिष्यवृत्तीवाले कोण कोण?" असे विचारणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा तरी वाचावा.

परंतु सगळा दोष बाहेरच्यांवर टाकूनही चालणार नाही. भीती घरातही असते. गणित चुकले की पाठीत धपाटा घालणारे वडील आपल्याकडे कमी नाहीत. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले होते. काम सोपे असेल तर विजेच्या जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकत. काम कठीण असेल तर तोच जोरदार झटका शिकणे लांबवी, बेताचा झटका बरा पडे. मोजक्या उंदरांवरचा जुना प्रयोग आहे, त्यावरून माणसाबद्दल फार ताणू नये. तरीपण केर काढण्याचे काम धाकाने होईल, अपूर्णांकांची बेरीज होणार नाही, एवढे कोणत्याही आईला प्रयोगाशिवाय कळते.

ज्या माता-भगिनींना स्वत:ला फार शिकता आले नाही, त्यांनी "आम्हाला काय कळतंय" असे म्हणून बाजूला बसू नये. पुस्तक आपल्या हातात घ्यावे, मिटावे आणि मुलाला म्हणावे, आज काय शिकलास ते मला सांग. तुम्हाला समजेपर्यंत त्याला सांगावे लागेल, आणि तीच त्याची परीक्षा. अडखळला तर लगेच पुस्तक उघडू नये. थोडा वेळ त्याला आठवू द्यावे, मगच उघडावे. चार दिवसांनी तेच पुन्हा विचारावे.

विहारात अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे थोडे वेगळे आहे. सराव परीक्षा जरूर घ्या, पण पहिले दोन-तीन प्रश्न सर्वांना येतील असे ठेवा. पहिल्याच प्रश्नाला पेन थांबले की पुढचे येत असलेलेही सुचत नाही. गुण फळ्यावर लिहू नका, ज्याचे त्याला द्या. आणि वर्ग सुरू कराल त्या पहिल्या रविवारी काहीच शिकवू नका. एकेका मुलाला जवळ बसवून एक साधी बेरीज, एक हातच्याची वजाबाकी, एक गुणाकार आणि एक भागाकार घाला, एक लहान उतारा वाचायला द्या. जिथे तो अडेल तिथे वहीत खूण करा. त्याची इयत्ता नंतर विचारली तरी चालेल.