हाडांनी घर सजवणारा कलादिग्दर्शक

'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' म्हटलं की लोकांना करवत घेऊन धावणारा लेदरफेस आठवतो. मला आधी आठवते ती खोली. सिनेमातली पॅम ही तरुणी अडखळून आत पडते. जमिनीवर पिसांचा थर, त्यात हाडं विखुरलेली, वर टांगलेल्या इवल्याशा पिंजऱ्यात जिवंत कोंबडी आणि समोर हाडांचा कोच. अजून कोणी मारायला आलेलं नाही, रक्ताचा थेंब नाही, तरी पोटात गोळा येतो. ही खोली सजवली कलादिग्दर्शक रॉबर्ट बर्न्स यांनी.

१९७३च्या उन्हाळ्यात टेक्ससमधल्या राउंड रॉकला शूटिंग झालं. दिग्दर्शक टोब हूपर यांच्याकडे पैसा बेताचाच. मग बर्न्स आसपासच्या रानात गाडी घेऊन हिंडले आणि मेलेल्या गुराढोरांचे सांगाडे, अर्धवट कुजलेले अवशेषसुद्धा उचलून आणले. लेदरफेसचे मुखवटेही त्यांचेच. खरा मानवी सांगाडाही वापरला, कारण तो प्लॅस्टिकच्या सांगाड्यापेक्षा स्वस्त पडला, असं युनिटमधली मंडळी सांगत. त्या काळी असे सांगाडे जगभर जायचे ते प्रामुख्याने आपल्याकडून. १९८५मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग चोवीस तासांहून जास्त सलग चालला. खिडक्या झाकलेल्या, दिवे तापलेले, हाडांना दुर्गंधी सुटलेली. नटांच्या चेहऱ्यावरचा वैताग खरा आहे, आणि त्यात बर्न्स यांच्या सामानाचा वाटा मोठा आहे. रक्त फारसं न दाखवताही हा सिनेमा अंगावर येतो तो या घरामुळे, असं माझं ठाम मत आहे.

पुढे वेस क्रेव्हन यांच्या 'द हिल्स हॅव आइज' (१९७७) मधल्या नरभक्षक कुटुंबाच्या गुहेत बर्न्स यांनी यातलंच काही सामान पुन्हा वापरलं. 'टूरिस्ट ट्रॅप' (१९७९) मध्ये हाडांची जागा दुकानातल्या पुतळ्यांनी घेतली. त्या निर्जीव चेहऱ्यांच्या गर्दीत बसायला आजही नको वाटतं. हा सिनेमा मागे पडला याचं मला वाईट वाटतं. मग जो डँटे यांचा 'द हाउलिंग' (१९८१), स्टुअर्ट गॉर्डन यांचा 'री-अ‍ॅनिमेटर' (१९८५). भयपटांच्या चाहत्यांना ही नावं तोंडपाठ असतात, पण त्यांतल्या जागा कोणी घडवल्या हे विचारायला कोणी थांबत नाही.

अधूनमधून बर्न्स कॅमेऱ्यासमोरही आले. त्यातली मोठी भूमिका एकच, 'कन्फेशन्स ऑफ अ सिरीयल किलर' मधली. हेन्री ली लूकस या टेक्ससमधल्या खुन्यावर बेतलेलं हे पात्र त्यांनी आवाज न चढवता, हिशेब सांगावा तसं रंगवलं. सिनेमा १९८५मध्ये बनला, पण प्रदर्शित व्हायला १९९२ उजाडलं. तोवर याच खुन्यावरचा 'हेन्री: पोर्ट्रेट ऑफ अ सिरीयल किलर' गाजून गेला होता, आणि बर्न्स यांच्या अभिनयाची दखल घ्यायची राहूनच गेली.

त्यांचा खरा जीव मात्र रॉन्डो हॅटन यांच्यावर. अ‍ॅक्रोमेगली या आजाराने चेहरा बदललेल्या या पत्रकाराला हॉलिवूडने चाळीसच्या दशकात राक्षस म्हणून पडद्यावर उभं केलं. बर्न्स वर्षानुवर्षं त्यांची माहिती, छायाचित्रं जमवत राहिले आणि मेकअपमागे न लपलेला हा माणूस कोण होता, ते सांगत राहिले. २००४मध्ये बर्न्स गेले. दोघांवर मिळून 'रॉन्डो अँड बॉब' हा माहितीपट झाला, तो २०२०मध्ये.